सोळा जणांचं पॅनेल

मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या कामासाठी मला नगरपालिकेत सारखं जावं लागतं. गटारीचा अर्ज घेऊन गेलं की आत चर्चा कसली? तर कुणाचं पॅनेल पाडायचं आणि ठेका कुणाच्या मेव्हण्याला मिळाला! अशा वेळी मला फिरोजशहा मेहता आठवतात. बी.ए.ला इतिहासात ‘मुंबईचा सिंह’ एवढंच पाठ केलं होतं. खरी गोष्ट नंतर वाचली.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते १८६८ मध्ये परतले. तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड, ज्यांच्या नावाचं मार्केट आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी शहर सुधारलं खरं, पण तिजोरी रिकामी केली. १८७१ मध्ये करदाते खवळले. सगळे क्रॉफर्डना शिव्या देत असताना हा सव्वीस वर्षांचा तरुण भर सभेत म्हणाला, की दोष एका माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. लोकांनी निवडलेली माणसं हिशेब बघायला हवीत. लोकांना ते रुचलं नाही. पण १८७२ च्या कायद्याने निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ चा कायदा घडवण्यातही मेहतांचा मोठा वाटा होता. एकाहून अधिक वेळा ते महापालिकेचे अध्यक्ष झाले, १८९० मध्ये काँग्रेसचेही.

त्यांचा दरारा एवढा, की पालिका एकाच माणसाच्या तालावर चालते अशी कुरकुर सुरू झाली. ती अगदीच खोटी होती असं मलाही वाटत नाही! पण विरोधकांनी जो मार्ग धरला तो मात्र वाईट. पालिकेच्या ७२ जागांपैकी १६ जागा सरकारने नेमलेले जे. पी. निवडत. १९०७ मध्ये अकौंटंट जनरल हॅरिसन यांनी मेहतांना वगळून सोळा जणांचं पॅनेल उभं केलं. पोलीस कमिशनर गेल आणि एका बड्या इंग्रजी दैनिकाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यांच्या बाजूला. आता सांगा, पोलिसांचा साहेबच मत मागायला लागल्यावर कोण नाही म्हणणार? मेहता सतरावे आले. पडले!

शहरभर संताप उसळला. आणि मग निघालं काय, तर निवडून आलेल्या सोळांपैकी एकाचा पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध होता. कायद्याने तो अपात्र! प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं, त्याची निवड रद्द झाली आणि ती जागा मेहतांना मिळाली. ज्या कायद्यासाठी ते झटले, त्याच कायद्याने त्यांना परत आणलं.

५ नोव्हेंबर १९१५ ला ते गेले. मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर आजही त्यांचा पुतळा उभा आहे.

ठेक्यात वाटा असलेल्याने सभागृहात बसू नये, हा नियम आपल्या नगरपालिकांच्या कायद्यातही आहे बरं का! २०११ पासून निम्म्या जागा आपल्या बायकांच्या आहेत. निवडून गेलेल्या बाईने पॅनेल कुणाचं हे विचारण्याआधी ठेका कुणाचा हे विचारावं. आणि ठेका आपल्याच घरात असेल, तर नवऱ्यालाही विचारावं. तिथेच खरं धैर्य लागतं.