कुर्डुवाडीला जंक्शन करणारा साहेब : बार्शी लाईटच्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची गोष्ट

कुर्डुवाडी म्हटलं की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती रेल्वे. माढा तालुक्यातलं हे गाव. मुंबई-सोलापूर मुख्य मार्ग इथून जातो, एक फाटा पंढरपूरमार्गे मिरजेला जातो आणि दुसरा बार्शीवरून लातूरला. एवढ्याशा गावाला जंक्शनचा मान मिळाला कसा?

याचं उत्तर आहे बार्शी लाईट. अडीच फुटांच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी जुन्या पिढीतल्या अनेकांनी पाहिली आहे. पण ती गाडी ज्याच्या डोक्यातून आली, त्या माणसाचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. ते नाव म्हणजे एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

जगभरातले रेल्वेवेडे लोक त्यांना छोट्या रेल्वेचा मोठा इंजिनिअर म्हणून ओळखतात. पण त्यांच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूनं बघता येतं. चांगली कल्पना घेऊन एखादा माणूस मोठ्या संस्थेच्या दारात उभा राहतो, तेव्हा ती संस्था काय करते? कॅलथ्रॉप यांनी हा अनुभव दोनदा घेतला. एकदा भारतात रेल्वेसाठी आणि एकदा इंग्लंडमध्ये, माणसांचा जीव वाचवण्यासाठी.

शेतकऱ्याचा पोरगा रेल्वेत आला

कॅलथ्रॉप यांचा जन्म 3 मार्च 1857 चा, इंग्लंडमधल्या डीपिंग गेट या गावातला. वडील शेतकरी. भावंडं बरीच. त्यातले एक भाऊ गाय कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडच्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या बलाढ्य रेल्वे कंपनीचे जनरल मॅनेजर झाले. म्हणजे एकाच घरातून दोन रेल्वेवाले निघाले. एक मोठी कंपनी चालवणारा आणि दुसरा छोटी कंपनी शून्यातून उभी करणारा.

एव्हरार्ड यांनी 1874 मध्ये क्रू इथल्या कारखान्यात उमेदवारी सुरू केली. इंजिन कसं बनतं, कुठं झिजतं, कशानं मोडतं हे सगळं तिथं हातानं काम करत शिकायचं असायचं. पुढे काही काळ त्यांनी ग्रेट वेस्टर्न रेल्वेत काम केलं आणि 1882 मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते भारतात आले. नोकरी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजेच जीआयपीमध्ये. हुद्दा लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टरचा.

बार्शीचा प्रश्न काय होता?

जीआयपीची मुंबई-सोलापूर लाईन तेव्हा सुरू झालेली होती. पण बार्शी त्या लाईनवर नव्हती. बार्शी ही मोठी बाजारपेठ. तिच्या पलीकडे निजामाच्या राज्यातला मराठवाडा. तिथला कापूस, धान्य, गळिताचा माल बैलगाड्यांनी बार्शीत यायचा आणि तिथून पुन्हा बैलगाड्यांनीच रेल्वे स्टेशनपर्यंत जायचा. अंतर साधारण 21 मैल. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक रुतलं की माल तिथंच अडकायचा.

मग सरळ रेल्वेच का टाकायची नाही? कारण पैसा. जीआयपीची लाईन ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. तसा मार्ग टाकायचा तर जड रूळ, रुंद भराव, भक्कम पूल असा सगळा खर्च आला. 21 मैलांच्या फाट्यावर तो खर्च भरून निघणं अवघड.

कॅलथ्रॉप यांना इथंच संधी दिसली. मोठ्या लाईनला माल पुरवणाऱ्या छोट्या, स्वस्त रेल्वे टाकल्या तर? 1886 च्या सुमारास त्यांनी नोकरीतून रजा घेऊन अशा फाट्यांचा अभ्यास सुरू केला आणि त्यातून बार्शीचा मार्ग पुढे आला.

पण जीआयपीनं हा मार्ग स्वतः बांधला नाही. 1889 मध्ये कॅलथ्रॉप यांनी नोकरी सोडली. परदेशातली पगाराची नोकरी सोडून, कागदावरच्या 21 मैलांसाठी. पुढची काही वर्षं परवानग्या, करार आणि भांडवल यांच्या मागे गेली. लंडनमधल्या इंडिया ऑफिसशी वाटाघाटी चालल्या. शेवटी 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. कल्पना सुचल्यापासून कंपनीची नोंदणी होईपर्यंत जवळपास नऊ वर्षं गेली होती.

पाच टनांचं गणित

आता येतो खरा मुद्दा. कॅलथ्रॉप यांनी वेगळं काय केलं? छोट्या रुळांच्या गाड्या तर त्यांच्या आधीही होत्या.

हे समजून घ्यायला एक साधी गोष्ट लक्षात घ्या. रूळ किती जाड हवा, हे संपूर्ण गाडीच्या वजनावर ठरत नाही. एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, जास्तीत जास्त किती वजन येतं यावर ते ठरतं. अनेक छोट्या रेल्वेंमध्ये गडबड अशी व्हायची की इंजिन जड आणि डबे हलके. म्हणजे त्या एका इंजिनासाठी सगळ्या मार्गावर जाड रूळ टाकायचे आणि त्याच रुळांवरून नेणार मात्र हलके डबे. रुळाच्या ताकदीचा अर्धाअधिक पैसा वाया.

कॅलथ्रॉप यांनी आधी मर्यादा ठरवली. एका ॲक्सलवर पाच टन. त्यापेक्षा जास्त नाही. इंजिन असो, मालाचा डबा असो की प्रवाशांचा, नियम सगळ्यांना एकच.

मग बाकीचं सगळं या आकड्याभोवती बसवलं. रूळ घेतले यार्डाला 30 पौंड वजनाचे, म्हणजे अगदी हलके. इंजिन ताकदवान हवं होतं, पण वजन एका जागी नको होतं. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून बनवून घेतलेल्या इंजिनाचं वजन बऱ्याच चाकांवर वाटून दिलं. आठ चाकं ओढणारी आणि मागे आधाराला आणखी चार. मालडब्यांचे सांगाडे दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे, त्यामुळे डबा स्वतः हलका आणि त्यात माल जास्त. चार ॲक्सलचा डबा भरून 20 टनांपर्यंत जाऊ शकत होता आणि तरीही रुळाला त्रास नाही.

शिवाय वेगवेगळ्या डब्यांचे सांगाडे आणि चाकं एकसारखी ठेवली. याचा फायदा कारखान्यात काम करणाऱ्याला लगेच कळेल. दहा प्रकारचे सुटे भाग साठवायचे नाहीत. एका डब्याचा भाग दुसऱ्याला बसतो. दुरुस्ती लवकर होते. आज कंपन्यांमध्ये ज्याला स्टँडर्डायझेशन म्हणतात, ते हेच.

आधी करून दाखवलं

नवी कल्पना विकताना सगळ्यात मोठी अडचण असते ती विश्वासाची. अडीच फुटांच्या रुळावर एवढा मोठा डबा टिकेल का, वळणावर उलटणार नाही का, अशा शंका येणारच.

कॅलथ्रॉप यांनी त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा चाचणी घेतली. इंजिन आणि डबे जहाजात चढवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं खास चाचणीचा रूळमार्ग टाकला. त्यात वळणं होती, चढ होते. तिथं गाड्या चालवून दाखवल्या. जे काही बिघडायचं ते तिथंच बिघडू दे, बार्शीच्या माळावर नको, असा तो हिशेब.

1897 मध्ये बार्शी लाईट सुरू झाली. एका टोकाला बार्शी टाऊन आणि दुसऱ्या टोकाला जीआयपीचं स्टेशन. त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव होतं बार्शी रोड. म्हणजेच आपलं कुर्डुवाडी.

पुढे मार्ग वाढत गेला. 1906 मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत गाडी गेली आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची सोय झाली. पूर्वेकडे 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली. याच विस्तारातल्या येडशी-तडवळे टप्प्याचं काम एका तरुण सोलापूरकरानं लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत घेतलं होतं. त्यांचं नाव वालचंद हिराचंद. पुढे जहाज, विमान आणि मोटारींच्या उद्योगात उतरलेल्या वालचंद यांची ठेकेदारी बार्शी लाईटच्या कामातून सुरू झाली.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. गेज वेगळं असल्यामुळे कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावं लागायचं. यात वेळ जायचा आणि मजुरी लागायची. स्वस्त रुळांची ही किंमत होती आणि ती रोज मोजावी लागायची. पण त्याच चढउतारीवर, लोको शेडवर आणि पुढे उभ्या राहिलेल्या रेल्वे कारखान्यावर कुर्डुवाडीतली कित्येक घरं चालली, हेही तितकंच खरं. कंपनी लंडनची होती, भागधारकही तिकडचे. त्यामुळे नफ्याची वाट कुठं जायची हे वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमध्ये 1904 मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेचे इंजिनिअरही कॅलथ्रॉपच होते. चढउतारीच्या दुखण्यावर तिथं त्यांनी उपाय केला. मोठ्या गेजचा अख्खा डबाच पाठीवर घेऊन जाणारे खास सपाट डबे वापरले. तिथल्या एका इंजिनाला ई. आर. कॅलथ्रॉप असं त्यांचंच नाव होतं.

मित्र गेला आणि दुसरी लढाई सुरू झाली

12 जुलै 1910. इंग्लंडमधल्या बोर्नमथ इथं विमानांच्या कसरती चालू होत्या. एका विमानाचा शेपटाकडचा भाग मोडला आणि विमान कोसळलं. चालक जागीच गेला. ते होते चार्ल्स रोल्स. रोल्स-रॉईसमधले रोल्स आणि कॅलथ्रॉप यांचे मित्र.

कॅलथ्रॉप तेव्हा 53 वर्षांचे होते. रेल्वेत नाव झालं होतं. पण या मृत्यूनंतर त्यांनी स्वतःला एका नव्या कामात झोकून दिलं. विमान पडलं तरी माणूस वाचला पाहिजे. त्यांनी पॅराशूट बनवलं आणि त्याला नाव दिलं गार्डियन एंजल, म्हणजे रक्षक देवदूत.

त्याची रचना अशी होती. घडी केलेलं पॅराशूट विमानाला जोडलेल्या डब्यात असायचं. चालकाच्या अंगावर पट्टे. त्यानं उडी मारली की त्याच्याच वजनानं पॅराशूट बाहेर ओढलं जायचं आणि उघडायचं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ब्रिटिश वैमानिक जळत्या विमानात अडकून मरत होते. अशा वेळी हे यंत्र लगेच स्वीकारलं जाईल असं कुणालाही वाटेल.

तसं झालं नाही. लष्करानं विमानचालकांना पॅराशूट दिलंच नाही. फुग्यातून टेहळणी करणाऱ्या सैनिकांकडे पॅराशूट होती, विमानातल्यांकडे नव्हती. काही कारणं खरी होती. तो डबा जड होता, जागा खायचा आणि त्या काळच्या कमकुवत इंजिनांना थोडंही जादा वजन जाचायचं. पण दुसरीही एक गोष्ट कायम सांगितली जाते. पॅराशूट दिलं तर वैमानिक झुंज सोडून उडी मारतील, असा समज काही वरिष्ठांमध्ये होता. म्हणजे ज्या माणसांना रोज मरणाच्या तोंडी पाठवायचं, त्यांच्यावरच अविश्वास.

कॅलथ्रॉप यांनी पुन्हा जुनाच मार्ग धरला, करून दाखवण्याचा. 1917 मध्ये मेजर ऑर्ड-लीस यांनी गार्डियन एंजल बांधून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारली. उंची सुमारे दीडशे फूट. पॅराशूट उघडलं आणि ते सुखरूप थेम्स नदीत उतरले.

तरीही निर्णय लांबत गेला. शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला मात्र हेच पॅराशूट चाललं. 1918 मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट वापरू लागले, तेव्हा कुठं ब्रिटिश बाजूनं हालचाल झाली. तोवर नोव्हेंबर उजाडला आणि युद्ध संपलं. पुढे 1920 च्या दशकात ब्रिटिश हवाई दलानं पॅराशूट स्वीकारलं, पण ते अमेरिकन आयर्विन यांचं, वैमानिकाच्या अंगावरच बांधता येणारं. कॅलथ्रॉप यांचं नाही.

दोन दारं, दोन निकाल

कॅलथ्रॉप यांना अरबी घोड्यांचाही नाद होता. घोड्याला मारून नाही तर मैत्री करून शिकवावं, हे सांगणारं त्यांचं पुस्तक 1920 मध्ये आलं. 30 मार्च 1927 रोजी, वयाच्या सत्तरीत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी बार्शी लाईट पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोचली. 21 मैलांची लाईन आता 202 मैलांची, म्हणजे सुमारे 325 किलोमीटरची झाली होती.

त्यांच्या दोन्ही लढाया शेजारी ठेवून बघितल्या की एक फरक दिसतो. दोन्हीकडे कल्पना त्यांचीच होती, चिकाटीही तीच होती आणि करून दाखवण्याची पद्धतही तीच. पण रेल्वेत मोठ्या कंपनीला बाजूला ठेवून स्वतःची कंपनी काढता आली. उशीर झाला, पण रस्ता होता. पॅराशूटच्या बाबतीत गिऱ्हाईक एकच होतं, ते म्हणजे सरकार. त्यानं नाही म्हटलं की विषय संपला. आणि त्या उशिराची किंमत कॅलथ्रॉप यांनी नाही, तर विमानात बसलेल्या पोरांनी मोजली. नकार देणारे मात्र जमिनीवर होते.

1954 मध्ये सरकारनं बार्शी लाईट ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकभरात टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि छोटी गाडी थांबली. कुर्डुवाडीत आता पोती एका डब्यातून दुसऱ्यात टाकावी लागत नाहीत. पण इथून पंढरपूरला आणि लातूरला जाणाऱ्या गाड्या आजही त्याच दिशांना वळतात, ज्या दिशांना कॅलथ्रॉप यांची कंपनी पाच टनांचा हिशेब घेऊन गेली होती.