बाळू पालवणकर

स्मरणिकेत एखाद्या खेळाडूवर लिहायचं ठरलं तेव्हा मी हेच नाव घेतलं. भातकापणीनंतरच्या शेतात ढेकळं फोडून, चोपून खेळपट्टी करणाऱ्या आपल्या शहापूर-मुरबाडच्या पोरांना हा माणूस जवळचा वाटावा. त्यांची सुरुवात त्याच कामानं झाली.

बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात आधी पारशांच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर आणि मग युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर ते रोलर ओढणं, जाळी बांधणं अशी कामं करत. सरावाला गोलंदाज हवा म्हणून साहेबांनी चेंडू हातात दिला. बॅट मात्र दिली नाही. कॅप्टन ग्रेगसारख्या निष्णात फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकून त्यांची डावखुरी फिरकी घडली.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना घेतलं. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चाले. चहाच्या वेळी मात्र ते पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा पीत, जेवणही वेगळं. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करते आहे, पण हा नियम मला कुठल्याच तर्कात बसवता येत नाही.

पुढे ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी केली, हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे आठ बळी होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी एकट्यानं 114 बळी घेतले. तेव्हा ते पस्तिशीचे होते.

एवढं करूनही त्यांना कधी कर्णधार नेमलं नाही. 1920 साली तर संघातूनच वगळलं. भाऊ शिवराम आणि विठ्ठल निषेध म्हणून संघाबाहेर पडले, बोभाटा झाला, तेव्हा कुठे बाळूंना परत घेऊन उपकर्णधार केलं. माझ्या मते त्या घराचा सर्वांत मोठा सामना हाच. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली.

उतारवयात बाळू राजकारणात आले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. काँग्रेसचा तो डाव मला पटत नाही, पण बाळूंची लोकप्रियता दिसते: बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूंना 11,225.

भारताचा पहिला कसोटी सामना 1932 चा. तोवर बाळू पंचावन्न ओलांडून गेले होते. 4 जुलै 1955 ला मुंबईत त्यांचं निधन झालं.