ठिणगीवाचून ज्योत

योहान डोबरायनर यांचा जन्म १७८० साली जर्मनीत एका गाडीवानाच्या घरी झाला. शालेय शिक्षण बेताचेच लाभले. पण औषधविक्याकडे उमेदवारी करीत त्यांनी रसायनशास्त्र आत्मसात केले. पुढे त्यांचे उद्योग बुडाले. तथापि १८१० साली येना विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

१८२३ साली त्यांनी सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला. काय आश्चर्य! ठिणगीवाचून ज्योत पेटली. धातू मात्र जसाच्या तसा राहिला. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू फुटतात व सुटे अणू ऑक्सिजनशी संयोग पावतात, हे पुढे उमगले. आज अशा विघटनाचे गणित संगणक मांडतो.

घासून पेटणाऱ्या काड्या तेव्हा नव्हत्या. डोबरायनरांनी या शोधावरून दिवा सिद्ध केला; पण त्याचे पेटंट घेतले नाही. १८४९ साली ते निवर्तले. दिव्याचा पैसा इतरांना मिळाला. ज्ञान मात्र सर्वांचे झाले.