कोण होते बाळू पालवणकर?

पुण्यात इंग्रजांच्या क्लबमध्ये महिना ४ रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करणारा मुलगा नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकू लागला. डावखुरे फिरकीपटू बाळू पालवणकर यांची ही सुरुवात. ते चर्मकार समाजातले. इंग्रजांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. पुढे ते मुंबईत आले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी भारतीय संघाकडून ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले.