शाहू महाराजांची शिकार, एक गोळी आणि खंड्या कुत्रा

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. तिथे देवळांसोबत एक समाधीही दाखवतात, आणि ती चक्क कुत्र्याची आहे. हा कुत्रा म्हणजे छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. महाराजांसारख्या माणसाला शिकारीत कुत्र्याची एवढी गरज का होती? याचं उत्तर त्या काळच्या बंदुकीत आहे.

कैदेतून साताऱ्याच्या गादीवर

शाहू महाराज संभाजीराजांचे पुत्र. जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसोबत मोगलांच्या कैदेत गेले. सुटले ते १७०७ मध्ये, औरंगजेब वारल्यावर. त्याच वर्षी खेडच्या लढाईत त्यांनी ताराबाईंच्या फौजेवर मात केली आणि १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला. बाळाजी विश्वनाथ आणि पहिला बाजीराव यांना पेशवेपद दिलं ते त्यांनीच. बहुतेक मोहिमा सरदारांवर सोपवणारे महाराज मिरजेच्या मोहिमेवर मात्र स्वतः गेले आणि १७३९ मध्ये मिरज मराठ्यांकडे आली.

राज्यकारभाराबाहेर त्यांना शिकारीचा मोठा नाद होता. ससाणे आणि शिकारी कुत्रे त्यांच्या खास आवडीचे.

त्या काळची बंदूक कशी चालायची?

ही तोड्याची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग शिशाची गोल गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. पेटत्या दोरीने, म्हणजे तोड्याने, कानातली दारू पेटली की बार उडायचा. पुढचा बार भरायला अर्धं-एक मिनिट सहज जायचं. दारू ओली झाली तर बार फुसका.

गोळी निवडताना हिशोब एकच, तो म्हणजे व्यासाचा. १२ मिमीची शिशाची गोळी साधारण १० ग्रॅम भरते, तर १८ मिमीची जवळपास ३५ ग्रॅम. व्यास दीडपट झाला की वजन तिपटीहून जास्त! म्हणून मोठ्या जनावराला मोठ्या तोंडाची बंदूक. पण मग दारू जास्त, धक्का जास्त आणि बंदूकही जड. त्यात नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे नेम जवळच्याच अंतरावर धरता यायचा. शिवाय गोल गोळीचा वेग हवेत लवकर पडतो.

मग रायफलने काय बदललं?

रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. त्यामुळेच गोळी लांबट करता आली आणि व्यास न वाढवता वजन वाढवता आलं. अमेरिकेत एल्क नावाचं सांबराच्या घराण्यातलं भलंमोठं हरीण आहे. त्याच्या शिकारीला थर्टी-ओ-सिक्स रायफल खूप वापरतात. तिची गोळी फक्त ७.८ मिमी जाड, पण वजन अनेकदा ११.७ ग्रॅम, म्हणजे आपल्या १२ मिमीच्या गोळीपेक्षा जास्त!

गोळीची बनावटही महत्त्वाची. पूर्ण कवचाची कडक गोळी आरपार निघून जाऊ शकते. फार मऊ गोळी वरच फुटते. शिकारीची गोळी आत खोल जाऊन पसरावी लागते, नाहीतर जनावर जखमी होऊन तडफडत फिरतं. म्हणजे निवड फक्त कॅलिबरची नसते. व्यास, वजन, बनावट आणि शिकाऱ्याचा नेम, सगळं जुळावं लागतं.

आणि खंड्या?

तोड्याच्या बंदुकीचा एक बार चुकला की समोर चवताळलेला वाघ आणि हातात रिकामी नळी. पुढचं अर्धं मिनिट माणसाच्या हातात काहीच नसायचं. अशा वेळी कामी यायचे भालेवाले आणि कुत्रे. शिकारीत वाघापासून खंड्याने महाराजांना वाचवलं, अशी गोष्ट साताऱ्यात सांगतात. त्याला दरबारात मान मिळाला, पालखी मिळाली आणि मेल्यावर समाधीही. महाराज १७४९ मध्ये साताऱ्यातच वारले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. आता कोयना-चांदोलीच्या जंगलात वाघ टिपतो तो कॅमेरा ट्रॅप. पुढच्या वेळी माहुलीला गेलात तर खंड्याची समाधी नक्की बघा. फोटो काढताना एवढं आठवा, की तुमचा फोन एका सेकंदात कितीतरी फोटो काढतो, महाराजांच्या काळात मात्र संधी एकच असायची.