हद्दपाराने वसवलेले राज्य

अमेरिकेच्या ५० राज्यांत क्षेत्रफळाने सर्वांत लहान असलेल्या ऱ्होड आयलंडची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ११ लाखांच्या आतच आहे. नावात बेट असले तरी राज्याचा बराचसा भाग नॅरागॅनसेट उपसागराकाठच्या मुख्य भूमीवर आहे. हे चिमुकले राज्य उभे राहिले, ते शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने एका धर्मोपदेशकाला हाकलून दिले म्हणून. त्यांचे नाव रॉजर विल्यम्स.

१६०३ च्या सुमारास लंडनमधील एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लघुलेखनातील कौशल्यामुळे प्रख्यात न्यायविद सर एडवर्ड कोक यांची मर्जी त्यांच्यावर बसली आणि त्यातूनच केंब्रिजपर्यंतचे शिक्षण शक्य झाले. १६३१ मध्ये ते पत्नी मेरीसह बोस्टनला उतरले. तेथील चर्चने देऊ केलेले पद त्यांनी नाकारले. इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी पूर्ण फारकत न घेतलेल्या मंडळींत राहणे त्यांना मान्य नव्हते. स्वभावाने ते हट्टी होते, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही.

मात्र त्यांच्या दोन मतांनी सत्ताधाऱ्यांची झोप उडवली. ही भूमी मूळ रहिवाशांची आहे, ती दान करण्याचा इंग्लंडच्या राजाला अधिकार नाही, हे पहिले. माणसाच्या श्रद्धेबद्दल त्याला शिक्षा करण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाही, हे दुसरे. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांना इंग्लंडला परत पाठवण्याचा बेत शिजत असल्याची कुणकुण लागताच, जानेवारी १६३६ मध्ये ऐन हिमवर्षावात, पत्नी व लहान मुलींना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्या थंडीत त्यांना आसरा मिळाला तो वाम्पानोआग आदिवासींकडे.

नॅरागॅनसेट जमातीचे प्रमुख कॅनोनिकस व मियांटोनोमी यांनी दिलेल्या जमिनीवर त्याच वर्षी प्रॉव्हिडन्सची वसाहत झाली. संकटात ईश्वराने सांभाळले, या भावनेतून हे नाव पडले. येथे बहुमताचा निर्णय केवळ नागरी बाबींपुरताच चालणार होता. पुढे या वसाहतीत बाप्टिस्ट आले, क्वेकर आले आणि न्यूपोर्टला ज्यूही आले.

आदिवासींची भाषा विल्यम्स यांनी त्यांच्यातच राहून आत्मसात केली. त्या भाषेवरील त्यांचे पुस्तक १६४३ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. त्यांनी १६४४ मध्ये वसाहतीसाठी सनद मिळवली. त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्यावरील त्यांचा ग्रंथ निघाला आणि संसदेने तो जाळण्याचे फर्मान काढले. पुढच्या इंग्लंडवारीत त्यांनी कवी मिल्टन यांना डच भाषा शिकवली.

क्वेकरांची शिकवण त्यांना मुळीच पटत नव्हती. १६७२ मध्ये जवळपास सत्तरीत असताना, त्यांच्याशी वाद घालण्यासाठी ते स्वतः वल्ही मारत न्यूपोर्टला गेले. पण क्वेकरांना वसाहतीत राहू द्यावे की नाही, हा प्रश्न त्यांनी कधी उपस्थित केला नाही.

अखेरची वर्षे मात्र कडवट ठरली. १६७५ मध्ये पेटलेल्या युद्धात इतर वसाहतींच्या फौजांनी नॅरागॅनसेटांवर हल्ला केला आणि तेही युद्धात ओढले गेले. मार्च १६७६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्सला आग लावली. तीत विल्यम्स यांचे घरही जळाले. युद्धानंतर बंदिवान आदिवासींना ठराविक मुदतीच्या सक्तमजुरीसाठी विकणाऱ्या समितीत विल्यम्स होते. ज्या लोकांनी आसरा व जमीन दिली, त्यांच्याबाबत हे घडावे, हा डाग चरित्रकारांना पुसता आलेला नाही. १६५२ मध्ये याच वसाहतीत गुलामीला मुदतीची मर्यादा घालणारा कायदा झाला होता. तो कागदावरच राहिला आणि अठराव्या शतकात येथील व्यापारी गुलामांच्या व्यापारात अमेरिकेत आघाडीवर होते.

विल्यम्स १६८३ मध्ये निवर्तले. त्यांना घराच्या मागे पुरण्यात आले होते. १८६० मध्ये त्यांचे अवशेष शोधण्यासाठी ती जागा खणली, तेव्हा हाडांऐवजी सफरचंदाच्या झाडाचे एक वाकडे मूळ सापडले. ते प्रॉव्हिडन्समध्ये जपून ठेवले आहे. त्यांच्या हद्दपारीचा हुकूम मॅसॅच्युसेट्सने रद्द केला तो १९३६ मध्ये.