जोसे गेर्सन दा कुन्हा

जोसे गेर्सन दा कुन्हा (जन्म : हडफडे, बार्देश, गोवा, २ फेब्रुवारी १८४४, मृत्यू : मुंबई, ३ जुलै १९००) हे गोमंतकीय वैद्य, इतिहासकार, भाषाभ्यासक आणि नाणकशास्त्रज्ञ होते. चौल व वसई या पोर्तुगीज ठाण्यांच्या पुरातत्त्वावरील १८७६ सालचा ग्रंथ आणि भारतातील पोर्तुगीज नाण्यांचा अभ्यास यांसाठी ते ओळखले जातात.

त्यांनी वैद्यकाचे शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे ब्रिटनमध्ये घेतले आणि मुंबईत व्यवसाय केला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेशी त्यांचा निकटचा संबंध होता.

वसईचा अभ्यास

गुजरातच्या बहादूरशाहाकडून १५३४ मध्ये पोर्तुगीजांना मिळालेली वसई पुढे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठिकाण झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दा कुन्हा यांच्या काळात किल्ल्यातील चर्च व मठ ओस पडून मोडकळीस आले होते. तेथील अवशेषांचे वर्णन करून त्यांनी थडग्यांच्या दगडांवरील पोर्तुगीज लेख नोंदवून ठेवले. ऊनपावसात अक्षरे झिजत असल्याने हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नव्हते.

चांदीची नाणी

नाण्यांबाबतचा धोका याहून मोठा होता. दगडाचा लेख झिजतो, पण मागे दगड तरी उरतो. सोनाराच्या मुशीत गेलेल्या नाण्याचे काहीच उरत नाही. दागिने व चांदीची भांडी घडवण्यासाठी जुनी नाणी वितळवणे ही भारतात नेहमीची गोष्ट होती. सराफाच्या लेखी नाण्याची किंमत वजनावर व कसावर ठरे. संग्राहकाला तेवढे पुरत नाही. नाणे कोणत्या राजाचे, कोणत्या टांकसाळीचे, त्यावरील संत, क्रूस वा ढाल कोणती, हेही त्याला पाहावे लागते.

पोर्तुगीज भारतात चांदीचा असर्फी ३०० रेइसचा, म्हणजे पाच टंकांचा मानला जाई. टंक ६० रेइसचा. किरकोळ व्यवहारासाठी तांबे, कथील, शिसे अशा हलक्या धातूंचे बझारुक असत. मात्र नाव तेच राहून नाण्यातील चांदी काळानुसार घटत गेली, त्यामुळे नुसत्या नावावरून मूल्य ठरवणे फसवे ठरते. वजन, ठसा आणि लिखित साधने एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच अशा नाण्याची ओळख पटते. दा कुन्हा यांनी या नाण्यांवर लिहिलेला प्रबंध १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लिस्बनमध्ये तेशैरा दि आरागाँ यांच्या पोर्तुगीज नाण्यांवरील ग्रंथाचा भारतविषयक खंड निघाला. एकाच विषयावर दोन देशांत एकाच वर्षी काम प्रसिद्ध व्हावे, हा योगायोग लक्षणीय आहे. मुंबईत बसून हे काम करणाऱ्या दा कुन्हा यांना वैद्यकी सांभाळावी लागत होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

स्वतःच्या नाणेसंग्रहाची सूची त्यांनी १८८८-८९ च्या सुमारास मुंबईत छापली.

इतर लेखन

सिलोनच्या दंतधातूवरील प्रबंध (१८७५), स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाचे संपादन (१८७७) आणि कोंकणी भाषा व वाङ्मयावरील निबंध (१८८१) ही त्यांची अन्य कामे होत. कोंकणीच्या आधुनिक अभ्यासात या निबंधाला आरंभीचे स्थान आहे. मुंबईच्या उत्पत्तीवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०० मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रकाशित झाला.